चुलीवरचा तंबोरा

१२ डिसेंबर १९५४, रविवार

मैना, ही वही तूच मला दिलीस, एवढं तरी आठवते का? नागपूरला जाताना एक चप्पल पेटीत टाकलीस आणि दुसरी माझ्या दारात विसरून गेलीस. नर्सबाई होणार म्हणे! सुई कोणाच्या दंडात विसरू नकोस म्हणजे मिळवली. तेव्हा उन्हाळ्यात ही वही उघडशील त्याआधीच ओळख करून देते. मी सगुणा, सिंदेवाहीच्या तळ्याकाठची, तुझ्या बापाची माय. तुझी आजी लागते.

लिहायला मला चैतू मिळाला आहे. संध्याकाळी धानाच्या फार्मवरची रोजी आटोपून येतो, माझ्याकडं भात-मासोळी खातो आणि मी बोलते ते लिहितो. मी 'तुले' म्हणते, तो 'तुला' लिहितो. सातवीपर्यंत शिकलेला ना! माझी भाषा धुऊन वाळत घालतो. घरात मी एकटीच. तुझा बाप डोमा आणि तुझी माय जाळी घेऊन वैनगंगेवर गेले आहेत, ते होळीशिवाय यायचे नाहीत.

परवा पौर्णिमेची सभा झाली. तू गेल्यानंतरची पहिली. लोक पोती घेऊन आले आणि तळ्याच्या पाळीवर बसले. देवपुजारी मास्तरांचा नेम तोच: तिकीट नाही, वर्गणी नाही, पाटलाला पुढची जागा नाही. दिवसभर स्टेशनवर पार्सलांच्या पावत्या फाडणारा माणूस पोरांना राग शिकवतो आणि ते गाणं गावाला फुकट वाटतो. फुकट म्हणून लोक येतात, आणि फुकट म्हणून उठूनही जातात. लटारूनं तबला वाजवला, शेजारच्या उमाजीची कुंता पेटीवर होती, चैतू भूप गायला. बराच वेळ त्याचं नुसतं 'आ' चाललं होतं. म्हातारा झिंगू मला विचारतो, "सगुणाबाई, गानं कवा सुरू होते?" मी म्हटलं, "संपत आलं ना, भाऊ."

पण एका सुरावर तो थांबला ना, तेव्हा जाळं टाकल्यावर ते तळाला बसेपर्यंत आपण जसे गप्प राहतो, तशी सगळी पाळ गप्प राहिली. हे लिहू नको म्हटलं, तर लिहून मोकळा झाला.

पुढच्या पौर्णिमेला त्याची माय बुधरी आणि पिपरटोल्याचे गोंड लोक जंगलातून चालत यायचे आहेत, त्याचं गाणं ऐकायला. त्यांच्या गावचा पोरगा असा पाळीवर बसून गातो, हे त्यांना खरं वाटत नाही. मलाही वाटत नाही. चैतू, हास, पण शाई सांडू नको.

२१ डिसेंबर, मंगळवार

मास्तरांच्या बायकोची तब्येत बिघडली. ते रजा घेऊन नागपूरला गेले. जाण्याआधी स्वतः तंबोरा घेऊन माझ्या दारात उभे! म्हणाले, "आजी, क्वार्टरात ओल आहे, उंदीर आहेत. हा माझ्या गुरुजींचा तंबोरा. तुमच्याकडं ठेवतो. फक्त भोपळ्याला किडा लागू देऊ नका."

मैना, स्टेशनच्या माणसानं आपल्यासारख्या जाळं टाकणाऱ्या ढिवराच्या घरात चहा घेतला, तेव्हाच उमाजीच्या बायकोचे डोळे मोठे झाले होते. आता तर गुरूचा तंबोरा. ती कुडावरून पाहत होती, म्हणून मी तो अंगणातून दोनदा फिरवला. एकदा आत नेला, मग उजेडात पाहायचा म्हणून बाहेर आणला, पुन्हा आत.

आणि किडा मला शिकवतात! आपल्या घरात माणसांपेक्षा भोपळे जास्त. जाळं टाकायला खोल पाण्यात जायचं तर पोटाखाली वाळलेला भोपळा लागतो, आणि तो टिकवायचा तर चुलीवर, धुरात. माझ्या सासऱ्याचा तुंबा अजून आढ्याला आहे, डोमा घरी असला की आजही त्यावर तरंगतो. तर मी तंबोरा गवसणीसकट तिथंच टांगला, सासऱ्याच्या तुंब्याच्या बाजूला. वर सुक्या मासोळीची टोपली, खाली चूल. पाहुणा मोठ्या घरचा, म्हणून चुलीत कडुनिंबाचा पालाही टाकते.

चैतूनं टाक थांबवला आणि वर पाहिलं. "आजी, तू मास्तराले विचारून टांगलं का?"

"मास्तराले काय विचारू? त्यायनं कधी पान्यात जाळं टाकलं का?"

"तसं नाई, पन..."

"मंग लिही."

२ जानेवारी १९५५, रविवार

थंडी अशी की चूल विझू देत नाही. मी खाली शेकते, तंबोरा वर शेकतो.

मास्तरांचं कार्ड आलं. चैतूनं तंबोरा फार्मवर न्यावा, सभेआधी त्यावर रियाज करावा, असं त्यात आहे. चैतूनं तो आढ्यावरून उतरवला, काजळी पुसली. मी भोपळ्यावर टिचकी मारून दाखवली. कसा खणखणीत वाळला होता! म्हटलं, "सांग तुह्या मास्तराले, वर्षभर किडा फिरकत नाई आता."

चैतू रोज पहाटे पाळीवर गातो. धुणं धुणाऱ्या बाया म्हणतात, हा कोणाच्या नावानं रडतो. मी म्हणते, मायेच्या. ती येऊन राह्यली ना.

६ जानेवारी, गुरुवार

मास्तर आले. चैतूनं फार्मवरून तंबोरा स्टेशनवर नेला. मीही गेले, म्हटलं दोन शब्द कौतुकाचे ऐकून येऊ.

मास्तरांनी गवसणी काढली. भोपळा आणि दांडी जिथं जुळतात तो जोड उकलला होता, बोट जाईल एवढा. भोपळ्याला वरून खाली चीर. मास्तर मटकन जमिनीवर बसले.

"कुठं आपटलास?"

चैतूनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. "आपटला नाई, मास्तर. काल सकाळी पाह्यलं तं असा होता."

"म्हणजे आपोआप झालं?"

चैतू चूप. सगळेच चूप. मला अशी शांतता सहन होत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "मास्तर, जंगलातलं पोरगं हे. खांद्यावर तंबोरा, अन् वाटेत हरणी दिसली असन. धावलं असन मागं!"

लटारू हसला, पॉइंटमन हसला, कुंताही तोंडाला पदर लावून हसली. चैतू नाही हसला. मास्तरही नाही.

मास्तर म्हणाले, "वर्षभर तू सभेत गायचं नाहीस."

"परवा माह्यी माय येऊन राह्यली, मास्तर."

"माझ्या गुरुजींचा तंबोरा होता तो, चैतू."

हे सगळं मी सांगते आहे आणि तोच लिहितो आहे. असं तोंड पाडून लिहू नको, बाबा, वर्ष काय, पाहता पाहता जाते. आज तो जेवला नाही. मासोळी ताटात तशीच. माझ्याकडं पाहून का थांबला, कोण जाणे. मी त्याची बाजू घेईन असं वाटलं असेल. हसण्यावारी नेलं, ती बाजू घेणंच झालं ना?

९ जानेवारी, रविवार

हे लटारूचं अक्षर. चैतू दोन दिवस आला नाही, म्हणून ह्याला पकडलं. तबल्यासारखं ठोकून ठोकून लिहितो.

काल सभा झाली. पिपरटोल्याची माणसं आली होती. म्हातारे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. दिवसभर चालून आले, पाय धुतले आणि सगळ्यांत पुढं बसले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. चैतूही त्यांच्यातच बसला. कुंता पेटीवर गायली. तिचं एक संपलं की बुधरीबाई चैतूला काही विचारायची. तो मान हलवायचा. दुसरं संपलं, पुन्हा विचारायची.

शेवटी ती माझ्याकडं वळली. "बाई, माहा पोरगा कवा गाते?"

चैतू माझ्या तोंडाकडं पाहत होता. मी म्हटलं, "त्याच्या गळ्याले थंडी लागली, बाई. आज नाई गात."

तिनं आपल्या अंगावरचं लुगड्याचं फडकं काढलं आणि त्याच्या गळ्याला गुंडाळलं. चांगलं दोन वेढे देऊन. तो लहान लेकरासारखा मान पुढं करून बसला आणि त्यानं तिला गुंडाळू दिलं.

जाताना तिनं माझ्या हातात मोहाचे लाडू दिले. "तू त्याले जेवू घालते," म्हणाली.

लाडू चांगले आहेत. लटारूनं खाल्ले. मला भूक नव्हती.

१७ जानेवारी, सोमवार

मास्तर तंबोरा नागपूरला कारागिराकडं देऊन आले. माझ्या ओसरीवर बसून सांगत होते. कारागीर म्हणाला, हा आपटलेला नाही. जोड सरसानं चिकटवलेला असतो. फार ऊब लागली की सरस मरतो आणि भोपळा आवळून चिरतो. विस्तवाजवळ राहिला आहे हा.

मास्तर म्हणाले, "फार्मच्या झोपडीत रात्री शेकोटी असते, आजी. जंगलातल्या माणसाला विस्तवाशिवाय झोप येत नाही. तंबोरा मोडला त्याचं एवढं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं नाही, त्याचं वाईट वाटतं."

मी उठून आत गेले आणि चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढली.

"आजी, चहा टाकताय ना?"

"आज चूल पेटून नाई राह्यली, मास्तर."

लटारू, आज एवढंच.

२० जानेवारी, गुरुवार

आज काही झालं नाही. लटारूकडून चुलीवरचे सगळे भोपळे उतरवून कोठीत ठेवले, सासऱ्याचा तुंबासुद्धा. "कीड लागन ना, आजी," म्हणतो. लागू दे. कारण लिहायचं नाही.

२७ जानेवारी, गुरुवार

चैतू फार्मवरची रोजी सोडून गावाला गेला. मला न सांगता. म्हणजे कुंताला सांगून गेला, लटारूला सांगून गेला, मला नाही.

लटारू, टाक बुडव. एक गोष्ट लिहायची आहे. मला अक्षर येत असतं तर मी ती स्वतःच लिहिली असती आणि कोणाला कळली नसती. पण माझं तर मनातलं सांगायलाही दुसऱ्याचा हात लागतो. तेव्हा ऐक, आणि मधे बोलू नको.

तंबोरा चैतूच्या शेकोटीजवळ नव्हता. तो माझ्या चुलीवर होता. मास्तर गेल्यापासून चैतूनं नेला तोवर, रात्रंदिवस. मीच टांगला.

लटारूचा टाक थांबला आहे. लिही.

आणि मैना, ह्याच्यापेक्षा वाईट पुढं आहे. टांगला त्याच दिवशी मी ते चैतूला सांगितलं होतं. मोठ्या तोऱ्यानं. त्यानं विचारलंही होतं, मास्तराले विचारलं का म्हणून. म्हणजे स्टेशनवर त्यानं माझ्याकडं पाहिलं, ते उगाच नव्हतं पाहिलं. तो वाट पाहत होता. मी बोलेन म्हणून. आणि मी हरणीची गोष्ट सांगितली.

तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. चूल आणि सरस, हे माझ्या डोक्यात जुळलं नव्हतं. पण मास्तरांनी ओसरीवर सांगितलं तेव्हा तर जुळलं ना? दहा दिवस झाले त्याला. ह्या दहा दिवसांचं काय सांगू?

लटारू म्हणतो, "मंग मास्तराले सांग ना, आजी."

"सांगीन."

"कवा?"

"लिही, सांगीन म्हनते."

सांगायला जाते आणि स्टेशनच्या फाटकातून परत येते. तुझ्या बापानं तुला नागपूरला धाडलं ते मास्तरांच्या शब्दावर. मास्तरांनी तंबोरा ठेवला तो माझ्या शब्दावर. उद्या उमाजीची बायको म्हणेल, ढिवराच्या घरात ठेवला, गेला. गावभर होईल. जिनं सगळ्या गावाला हसवलं, तिच्यावर गाव हसेल. एवढीच भीती आहे, मैना. एवढ्याशा भीतीपायी मी त्या पोराचं गाणं बंद करून बसले आहे.

कालवण बिघडलं की माझं मन लागत नाही. आता रोजच बिघडते.

८ फेब्रुवारी, मंगळवार

काल माघ पौर्णिमेची सभा. तंबोरा दुरुस्त होऊन आला होता. कुंता गायला बसली, मास्तरांनी तारा जुळवल्या. मी उठून उभी राहिले.

मी म्हटलं, "बापाहो, थांबा जरा. हा तंबोरा चैतूनं नाई मोडला. मी मोडला. मी त्याले चुलीवर टांगला होता, मासोळीसारखा."

सगळी पाळ हसली! झिंगू म्हणाला, "मीठ-मिरची लावली होती का, सगुणाबाई?" आणखी हसले. मी म्हटलं, खरं सांगते. आणखीच हसले. मी हात जोडले, तर कोणी म्हणालं, वाहवा, काय सोंग करते बुढी.

मास्तरसुद्धा हसले. "आजी, चैतूला वाचवायचं म्हणून स्वतःवर घेऊ नका. बसा."

अशी फजिती माझी कधी झाली नव्हती, मैना. सारी उमर चेष्टा केली, आता खरं बोलले तर तीही चेष्टाच. मी सरळ पुढं गेले आणि मास्तरांचा दंड धरला. बामणाचा दंड! म्हटलं, "तंबोरा घ्या अन् माह्या घरी चला. घर का लांब आहे?" लोकांना वाटलं, सोंग अजून चाललं आहे. लटारू कंदील घेऊन मागं आला.

घरात नेऊन त्यांना चुलीपाशी उभं केलं. आढ्याची खुंटी दाखवली. सासऱ्याचा तुंबा कोठीतून आणून त्यांच्या नाकाशी धरला. "ह्याचा वास घ्या." मग म्हटलं, "आता तुमच्या भोपळ्याचा घ्या."

मास्तर वाकले आणि तारांखालून वास घेतला. धूर, कडुनिंब आणि सुकी मासोळी. कारागिरानं चीर बुजवली, वास तिथंच राहिला होता.

मला वाटलं, आता बोलतील. शिव्या देतील तर बरं, असं वाटत होतं. ते म्हणाले, "मी त्याला एकदाच विचारलं, आजी. दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

"किडा लागू नये म्हनून टांगला होता, मास्तर."

"ते कळलं हो."

पाळीवर परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, चैतूनं तंबोरा मोडला नाही. तेव्हा एकही माणूस हसला नाही. मी सांगितलं ते सोंग, त्यांनी सांगितलं ते खरं. झिंगू खाली मान घालून पोत्याचा धागा ओढत बसला. उमाजीची बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

१३ फेब्रुवारी, रविवार

काल पिपरटोल्याला गेले, लटारूच्या मामाची बैलगाडी घेऊन. हाडं खिळखिळी झाली. रस्त्यात लटारू म्हणाला, चैतूला बरं वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. मी त्याच्यासाठी मासोळी बांधून नेली होती.

चैतू अंगणात बांबूच्या चिपाट्या काढत होता. गळ्याला तेच फडकं. त्याची माय जंगलात गेली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. चूल, आढं, मास्तर, पाळीवरचं हसणं. तो चिपाटी काढत राहिला.

मग म्हणाला, "मले मालूम होतं. तुमीच सांगतलं होतं ना."

तुमी म्हणाला, मैना. कधी म्हणत नव्हता.

मी विचारलं, "मंग बोलला काऊन नाई? मास्तर विचारत होते तं?"

"मी तुमच्याकडं पाह्यलं. तुमी हसल्या." चिपाटी बाजूला ठेवून तो पुढं बोलला, "मले वाटलं, तुमाले आठवते सारं. आठवते, अन् तरी माह्यावर टाकून राह्यल्या. हरनी म्हनल्या, अन् सारे हसले. मंग मी बोललो असतो तं कोन ऐकलं असतं? बुढीवर घालून राह्यला म्हनले असते."

मी म्हटलं, मला नव्हतं रे कळलं. देवाशपथ नव्हतं कळलं.

तो म्हणाला, "असन." एवढंच. विश्वास ठेवला की नाही, त्या एका शब्दातून कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

मी विचारलं, हे फडकं अजून कशाला? तेव्हा लटारूनं मला कोपरानं ढोसलं, पण मी विचारून बसले होते. चैतू म्हणाला, "माय रोज हळद-सुंठ पाजते. गळा बसला म्हनते. तुमीच सांगतलं ना तिले." महिना उलटला, ती रोज सुंठ उगाळते आहे. माझ्या तोंडून सहज निघालेल्या खोट्यावर.

मी म्हटलं, मी तिला आत्ता सांगते, येऊ दे. तो म्हणाला, "आत्ता नाई. ते सारे लोक चालत आले होते. सभा इथी करा. सर्व्यांपुढं सांगा. मास्तर आले तं मी गातो, नाई आले तं नाई."

मासोळी त्यानं घेतली नाही. धुरावर वाळवलेली होती. मी ती परत आणली.

९ मार्च, बुधवार

मास्तर आले. सगळे आले, मैना. लटारू तबला मांडीवर घेऊन, कुंता पेटी घेऊन, आणि मास्तर स्वतः तंबोरा दोन्ही हातांत धरून, गाडीचा दणका लागू नये म्हणून अर्धी वाट पायी. काल होळीच्या पौर्णिमेला पिपरटोल्यात मोहाच्या झाडाखाली सभा झाली. ना तिकीट, ना वर्गणी. झाड फुलं टाकत होतं, ती वेचायला लेकरं मधेच उठत होती. मास्तरांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

आधी मी बोलले. माझी भाषा तिथल्या म्हाताऱ्यांना पुरती कळत नाही. म्हणून मी एक वाक्य सांगायची आणि चैतू ते गोंडीत सांगायचा. तंबोरा मी चुलीवर टांगला. त्याला ठाऊक होतं. मी त्याची थट्टा केली. मग कळल्यावरही गप्प राहिले. त्याच्या गळ्याला थंडी लागलीच नव्हती, ते मी खोटं सांगितलं. हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघायला वेळ लागला. आईकडं न पाहता बोलला.

इथं कोणी हसलं नाही. मी मनात म्हणत होते, कोणीतरी हसा.

बुधरीबाई उठली. त्याच्या गळ्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि मास्तरांच्या पुढ्यात जमिनीवर अंथरलं. त्यावर तंबोरा ठेवायचा, असं तिनं हातानं दाखवलं. मग आपल्या जागेवर जाऊन बसली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

चैतू गायला. दुर्गा गायला, मास्तरांनी नाव सांगितलं. मला राग कळत नाहीत. पण मधेच एके ठिकाणी त्यानं सूर लावला आणि मागचा एक म्हातारा मोठ्यानं काहीतरी बोलला. सगळी माणसं पुढं सरकली. मी कुंताला विचारलं, काय म्हणाला? तिलाही कळलं नाही. कळून घ्यायचा माझा हक्कही नव्हता. ज्या पौर्णिमेला हे व्हायचं होतं, ती मी खाल्ली. ही त्यांनी स्वतःच्या दारात करून घेतली.

आज सकाळी सगळ्यांना आंबील दिली. मलाही दिली, पण बुधरीबाईनं नाही, एका लहान पोरीनं आणून ठेवली. मी पिऊन द्रोण चांगला पुसून ठेवला.

लटारू अजून झोपला आहे. मी वही मांडीवर घेऊन बसले होते, उघडी, उलटी की सुलटी तेही न कळता. चैतू आला. वही सुलटी केली आणि टाक हातात घेतला.

"सांग ना मंग, आजी. काय लिहू?"

तर मैना, हे आता चैतू लिहितो आहे. मी सांगते ते लिहितो की त्याच्या मनातलं लिहितो, मला कधी कळायचं नाही. लिहू दे, काय लिहील ते.

मी त्याला विचारलं, तुझ्या मायेला काय पाठवू? म्हणतो, काही नको. तो म्हणणारच. तेव्हा चप्पल विसरलीस तसं हे विसरू नकोस. उन्हाळ्यात हे वाचून परत गेलीस की नागपूरहून खडीसाखर पाठव, मोठ्या खड्यांची, आणि सोबत शेंगदाण्याची चिक्की. पार्सल मास्तरांकडं पाठव, आत चिठ्ठी घाल: बुधरीबाई, पिपरटोला. माझं नाव घालू नकोस. आणि धुरावर वाळवलेलं काही पाठवू नकोस.